दुरून डोंगर साजरे, आणि जवळून?

मंडळी, तोरणमाळला किंवा धडगावला जाऊन आलेला माणूस घरी परतला की आधी मोबाइल पुढे करतो. 'हे बघा, केवढा डोंगर!' आपण बघतो. चौकटीत वर भरपूर आभाळ असतं, खाली भरपूर रस्ता असतो आणि मधोमध वारुळाएवढी एक हिरवट रेघ असते. 'फोटोत नीट आलं नाही, प्रत्यक्षात फार मोठं होतं,' असं तो ओशाळून म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. डोंगर खरंच मोठा होता. मग फोनमध्ये शिरताना तो एवढासा का झाला?

मी काही छायाचित्रकार नव्हे. कविता लिहिणारा, तापीकाठच्या सपाटीवरचा माणूस. उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची निळी रेघ दिसते, तिच्या ओढीने गेली काही वर्षं सवड मिळेल तसा दोन-दोन दिवसांसाठी धडगाव परिसरात जातो. कॅमेरा म्हणाल तर खिशातला फोन. जाणकारांना विचारून आणि स्वतः पाहून जे समजलं, ते आज सांगतो.

आधी जागेविषयी. धडगाव हे अक्राणी तालुक्याचं मुख्य गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ तालुका. दक्षिणेला तापीचं खोरं, उत्तरेला नर्मदा आणि मध्ये सातपुडा. तळोद्याकडून चांदसैली घाट चढून धडगावला जाता येतं. शहाद्याकडून तोरणमाळला जाताना सात पायरी घाट लागतो. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. तिथला यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहायला लोक येतात. अस्तंबा शिखर याच तालुक्यात, आणि दिवाळीत तिथे मोठी यात्रा भरते.

हे राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली अशी सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यातलं गुगामल याच सातपुड्यात, पण पूर्वेकडे, मेळघाटात आहे. उद्यानात फाटक असतं, तिकीट असतं, वेळेची मर्यादा असते आणि फोनचे नियमही असतात. ताडोबात २०१८ च्या डिसेंबरपासून पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आली, तेव्हा कुठेही जाण्याआधी चौकशी केलेली बरी. धडगावात असं फाटक नाही. इथला डोंगर पावरा आणि भिल्ल माणसांच्या शेताचा, गुरांचा, घरादाराचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता डोंगर लहान का होतो ते पाहू. फोनची मुख्य लेन्स रुंद नजरेची असते. फोन आडवा धरला तर ती डावीकडून उजवीकडे सुमारे ७० अंशांचं आणि वरून खाली ५० अंशांचं दृश्य चौकटीत घेते. समजा, दरीपासून ६०० मीटर उंच असलेला डोंगर तुमच्यापासून ६ किलोमीटरवर आहे. तो तुमच्या डोळ्याशी जेमतेम ६ अंशांचा कोन करतो. ५० अंशांच्या चौकटीत ६ अंश म्हणजे साधारण आठवा हिस्सा. बाकीचे सात हिस्से आभाळ आणि रस्ता! आपण प्रत्यक्ष पाहतो तेव्हा मन डोंगरावरच खिळलेलं असतं, आजूबाजूचं ते सोडून देतं. फोनला मन नाही. तो सगळं सारख्याच इमानाने भरून घेतो.

याला उपाय दोन. पहिला म्हणजे चौकट आवळणं. तुमच्या फोनला दूरचं टिपणारी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. दोन बोटांनी चित्र फार ताणू नका, कारण अशा ताणण्यात फोन बहुधा चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो आणि तपशील विरतात. दुसरा उपाय त्याहून चांगला आणि फुकटचा : चौकटीत जवळचं काहीतरी घ्या. मोहाचं झाड, दगडी बांध, कुडाचं घर, वाटेने चाललेली गाय. ज्याचा आकार आपल्याला ठाऊक आहे अशी एक वस्तू पुढे असली की मागचा डोंगर केवढा असेल हे पाहणारा आपोआप ताडतो. फोनची रुंद लेन्स या कामात हुशार आहे. जवळचं ती ठसठशीत दाखवते आणि लांबचं मागे सारते, त्यामुळे चित्राला खोली येते. त्यासाठी थोडं वाकावं लागतं, कधी बसावं लागतं, दहा पावलं पुढे जावं लागतं. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून काचेतून काढलेल्या चित्रात जवळचं काही नसतं, म्हणून तो डोंगर वारूळ होतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर असतो, सावल्या पायाखाली जातात आणि डोंगराच्या घड्या दिसेनाशा होतात. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. सकाळ-संध्याकाळी सूर्याचे किरण रांगेच्या लांबीने आडवे येतात, प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत राहते. बसाल्टचे आडवे थर, ओढ्यांनी कापलेल्या घळी, उतारावरच्या पायवाटा, सगळं तेव्हाच उठून दिसतं.

चांगला उजेड केव्हा सुरू होतो हे ओळखायला घड्याळ लागत नाही. आमच्या घरी आजोबा अंगणात काठी रोवून असरच्या नमाजाची वेळ पाहत, कारण ती वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते. फोटोसाठीही हीच काठी कामाला येते. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब झाली की समजा, सूर्य ४५ अंशांच्या खाली आला आणि डोंगराला आकार येऊ लागला. सावली जितकी लांब तितका उजेड मऊ. हिवाळ्यात तर मजाच आहे. डिसेंबरच्या अखेरीस धडगावला भर दुपारीदेखील सूर्य ४५ अंशांच्या वर जात नाही. म्हणून हिवाळ्यातली सहल फोटोंना मानवते.

मात्र दरीत एक फसगत ठरलेली. पंचांगातला सूर्यास्त सपाटीचा असतो. डोंगराआड सूर्य त्याआधीच बुडतो. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. सूर्य आणि डोंगरमाथा यांत एका मुठीचं अंतर असेल तर तुमच्या हातात पाऊण तास आहे, जास्त नाही. दोन दिवसांच्या मुक्कामात दोन सकाळी आणि दोन संध्याकाळीच मिळतात, त्यातला पाऊण तास चहाच्या टपरीवर गेला तर हळहळ वाटते.

उजेडाबाबत फोनची एक खोड सांगितली पाहिजे. हल्लीचे फोन एका दाबात अनेक चित्रं टिपतात आणि ती एकत्र करतात, म्हणजे आभाळही पांढरं पडू नये आणि सावलीही काळी होऊ नये. हेतू चांगला आहे. पण कधी कधी सगळंच सारखं उजळतं आणि डोंगर पाटीसारखा सपाट दिसतो. अशा वेळी पडद्यावर डोंगराच्या उजळलेल्या भागावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते बोटाने जरा खाली ओढलं की चित्र किंचित गडद होतं आणि सावल्या परत येतात. त्याआधी लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसा. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनवर बोटांचा तेलकटपणा असतो, आणि बऱ्याच वेळा जे धुकं वाटतं ते त्याचंच असतं.

खरं धुकंही असतंच. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण तिच्यात विज्ञान आहे. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये हवेचा जाड थर असतो. हवेचे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून डोंगर जितका दूर तितका निळसर आणि फिका दिसतो. त्याचे खड्डे, उघडे पडलेले कातळ, तुटलेली झाडं सगळं त्या निळाईत झाकलं जातं. एकामागे एक अशा चार-पाच फिकट होत गेलेल्या रांगा तोरणमाळच्या कड्यावरून फार सुंदर दिसतात, आणि तेवढ्यापुरतं लांबचं दृश्य घेणंही योग्यच. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात धूळ धुऊन गेलेली असते, तेव्हा रांगा स्पष्ट दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत धुळीने सगळं मळकट होतं. त्या दिवसांत लांबचा नाद सोडून जवळचं पाहावं.

आणि किती काढावेत? १९२७ च्या एप्रिलमध्ये ॲन्सेल ॲडम्स नावाचा पंचवीस वर्षांचा अमेरिकन छायाचित्रकार योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोम या प्रचंड कड्याचा फोटो काढायला डोंगर चढून गेला. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या डझनभर प्लेटा. कड्यासमोर पोहोचेपर्यंत दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळ्या काचेतून घेतली. मग त्याला वाटलं, यात आभाळ हवं तसं गडद येणार नाही. शेवटची प्लेट त्याने लाल काचेतून घेतली आणि तेच चित्र जगभर गाजलं. आमच्या तरुणपणी एका रोलमध्ये ३६ फोटो बसत, तेही जपून काढावे लागत. आज चारशे काढले तरी पैसा लागत नाही. पण पाहायला लागणारा वेळ तेवढाच आहे. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे : एका जागी अर्धा तास. पहिली दहा मिनिटं फोन खिशात. कुठून वाट येते, सावली कुठे सरकते, धूर कोणत्या घरातून निघतो हे पाहायचं. मग काढायचं. दोन दिवसांत सहा जागा पाहण्यापेक्षा दोन जागा अशा पाहिल्या की घरी दाखवायला चारच चित्रं असतात, पण त्यांबद्दल बोलता येतं.

मंडळी, इथवर सगळं तंत्र झालं. आता मघाशी म्हटलेल्या फरकाकडे वळू.

जवळचं काहीतरी चौकटीत घ्या, असं मी म्हटलं. पण धडगावात जवळचं म्हणजे कोणाचं तरी. उन्हाळ्यात इथे कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात, त्यांचं आमचूर होतं आणि बाजारात जातं. पांढरट फोडींचा तो सडा आणि मागे तापलेला डोंगर, चित्र म्हणून अप्रतिम. पण तो एका घराचा हंगाम आहे. त्यातून वाट काढून, पायाखाली तुडवून फोटो घ्यायचा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया दिसतात. त्या कामात असतात, देखावा म्हणून उभ्या नसतात. होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, तेव्हा दागिने घालून नटून आलेल्या मुलींच्या तोंडापुढे परगावचे लोक फोन धरतात. आपल्या घरच्या लग्नात अनोळखी माणसाने असं केलं तर आपण काय म्हणू, एवढं मनाशी विचारावं. भाषा येत नसली तरी फोन दाखवून, मान हलवून विचारता येतं. नको म्हटलं तर फोन खाली घ्यावा, हसून पुढे जावं. हो म्हटलं तर काढलेलं चित्र लगेच दाखवावं.

निसर्गचित्रातून माणूस गाळण्याची सवय तशी जुनी आहे. १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सनने अमेरिकेतल्या यलोस्टोनचे फोटो काढले. ते पाहून तिथल्या संसदेचं मन वळायला मदत झाली आणि १८७२ मध्ये जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. केवढी ही फोटोची ताकद! पण यलोस्टोनची आणि योसेमिटीची जी चित्रं जगभर गाजली त्यांत बहुधा माणूस दिसत नाही. त्या दोन्ही ठिकाणी मूळ रहिवासी जमाती आधीपासून होत्या. चित्र पाहणाऱ्याला मात्र वाटतं, ही भूमी रिकामीच होती.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. धडगावहून उत्तरेला नर्मदेकडे उतरलं की डोंगरांच्या मधे लांबवर पसरलेलं निळं, संथ पाणी दिसतं. परदेशातल्या कॅलेंडरवरचं वाटावं इतकं देखणं. सकाळच्या उजेडात त्याचा फोटो वाईट येणं कठीण. पण हे पाणी आहे सरदार सरोवराचं. धरण गुजरातेत, आणि जलाशय २१४ किलोमीटर लांबीचा. महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्याच्या बुडितात येतात. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली तसं पाणी चढत गेलं, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला. त्या पाण्याच्या तळाशी शेतं आहेत, आंब्याची झाडं आहेत, घरांची जोती आहेत. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो.

एकदा मी तिथे पाण्याचे फोटो घेत होतो. होडीवाल्याने चित्र पाहिलं, चांगलं आलं म्हणाला. मग हात लांब करून पाण्यावर तो एकेक जागा दाखवू लागला. इथे आमची बाजरी होती, इथून नदीवर जायची वाट, त्या टेकाडाखाली मोठा आंबा. माझ्या फोनमध्ये नुसतं निळं पाणी होतं. त्याच्या गावाचा, पाणी येण्याआधीचा एकही फोटो त्याच्या घरात नव्हता. त्या काळी त्या पाड्यांत कॅमेरा कोणाकडे असणार?

तेव्हापासून मी चित्राखाली दोन ओळी लिहितो. तारीख आणि वेळ फोन आपोआप नोंदवतो. गावाचं नाव, पाड्याचं नाव, शेत कशाचं, इथे पूर्वी काय होतं हे विचारून मी लिहून ठेवतो. पाण्याच्या त्या चित्राखाली बाजरी, वाट आणि आंबा असं लिहिलेलं आहे. ज्याला हे दाखवतो तो आधी 'वा' म्हणतो, मग ओळी वाचतो आणि पुन्हा चित्राकडे पाहतो. तेवढं दुसऱ्यांदा पाहणं मला पुरेसं वाटतं. चित्र देखणं असायला माझी हरकत नाही. ते अर्धवट राहू नये एवढंच.

जाण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. अनेक पाड्यांवर नेटवर्क मिळत नाही, आणि नेटवर्क शोधत राहिला की फोनची बॅटरी भराभर उतरते; तेव्हा तो विमान-मोडवर ठेवा. फोटो त्या अवस्थेतही निघतात. सीताखाईच्या किंवा घाटाच्या कड्यावर पडद्याकडे पाहत पाऊल मागे-पुढे टाकू नका. होडीत उभं राहून फोटो काढू नका. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या वेळी भूषण गावाजवळ नर्मदेत यात्रेकरूंची होडी उलटली आणि माणसं दगावली, हे विसरता येत नाही.

आणि परत आल्यावर एक काम करा. कोणाच्या अंगणाचा, शेताचा किंवा कोणाच्या माणसांचा फोटो तुम्ही विचारून घेतला असेल, तर त्याची कागदावर प्रत काढा. शहाद्याला, नंदुरबारला किंवा तुमच्या गावातल्या स्टुडिओत थोडक्या पैशांत ती मिळते. मागे तारीख आणि गावाचं नाव लिहा आणि धडगावकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती पाठवून द्या. फोन दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. कागद पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली जपला जातो. आज तुम्हाला जो साधा डोंगर आणि साधं अंगण वाटतं, ते उद्या त्या घरातल्या पोरांना दाखवायला कोणाकडे तरी असू द्या.